वर्षानुवर्षांची टेन्शनची गोळी उतारवयात सोडताना

सगळ्यात आधी एक सूचना, कारण पुढचं कुणी वाचेल, कुणी नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, इटिझोलाम यांपैकी एखादी गोळी तुम्ही किंवा घरातलं कुणी महिनोन्‌महिने रोज घेत असेल, तर ती आज रात्री एकदम बंद करू नका. गोळी लहान आहे म्हणून नको आणि निर्धार पक्का झालाय म्हणूनही नको. अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला यातलं काहीच परवडत नाही.

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या औषध दुकानाच्या काउंटरमागं माझ्या उमेदीची वर्षं गेली. तिथं या गोळीला कुणी नावानं मागत नाही. "ती बारकी पांढरी द्या", "टेन्शनची द्या", "डोकं शांत करायची पट्टी संपली". चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर कधीच निवृत्त झालेले असतात, चिठ्ठी घड्यांवर फाटलेली असते. सुरुवात कशी झाली विचारलं तर कारण लगेच सापडतं. मालक गेले तेव्हा झोप लागेना, बायपासनंतर छातीत धडधडायचं, पोराच्या धंद्यात खोट आली होती. ते कारण मागं पडून पंधरा वर्षं झाली तरी गोळी चालूच.

मग एक दिवस न्हाणीत पाय घसरतो, किंवा पुण्याहून आलेली नात पाकिटावरचं नाव मोबाइलवर शोधते, आणि घरात ठरतं: उद्यापासून बंद. आपल्याकडं जिद्दीला भारी मान. तालमीच्या मातीत वाढलेल्या माणसाला पाव गोळी कमी करून तीन आठवडे थांबायला सांगितलं की तो भित्रेपणा वाटतो. तिसऱ्या रात्री हातपाय थरथरतात, अंग घामानं भिजतं, आणि चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत तेच अण्णा दारात उभे. वर स्वतःलाच बोल लावतात, "आपल्याच्यानं होत नाही बघा."

होतं. पद्धत चुकलेली असते.

शरीरात काय घडतं

मेंदूत गाबा नावाचं रसायन उत्तेजना शमवायचं काम करतं. या गोळ्या त्या गाबाचा जोर वाढवतात. रोज बाहेरून मदत मिळत राहिली की मेंदू स्वतःची शमवायची ताकद आवरती घेतो आणि जागं ठेवणारी बाजू वाढवतो. गोळी काढून घेतली की ही वाढलेली बाजू उघडी पडते. मेंदू पुन्हा पूर्ववत होतो, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. हे व्यसनी माणसाचं लक्षण नव्हे. डॉक्टरांच्या सांगण्याबाहेर एक गोळी जास्त न घेतलेल्या बाईच्या शरीरातही हेच घडतं.

उतारवयात सोडायचं कारणही शरीरातच आहे. यकृत मंदावतं, अंगात चरबीचं प्रमाण वाढतं, त्यामुळं डायझेपामसारखी औषधं रक्तातून निघायला कितीतरी जास्त वेळ घेतात आणि साठत जातात. चाळिशीत सोसलेला डोस सत्तरीत तोल घालवतो. रात्री लघवीला उठताना पडणं, खुब्याचं हाड मोडणं, बोलताना शब्द न आठवणं, दिवसभर डोक्यात धुकं. अमेरिकेत वृद्धांसाठी टाळायच्या औषधांची एक यादी असते, बीअर्स निकष म्हणतात तिला. 2023 च्या यादीतही या जातीच्या गोळ्या आहेत, झोपेची झोल्पिडेमसुद्धा आहे.

आधी गोळी ओळखा

ही पायरी किरकोळ वाटते, पण निम्मा घोळ इथंच होतो. घरातली सगळी पाकिटं एका ताटात काढा. ब्रँडचं मोठं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षर भिंगातून वाचा. शेवटी 'झोलाम' किंवा 'झेपाम' असेल तर ही तीच जात. क्लोबाझाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड ही दोन नावं वेगळी दिसतात, तीही त्यातलीच.

जोडगोळ्यांकडं जास्त लक्ष द्या. उदासीवरच्या एसिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम एकाच गोळीत येतं. धडधडीवरच्या प्रोप्रॅनोलॉलबरोबर इटिझोलाम किंवा अल्प्राझोलाम येतं. अ‍ॅमिट्रिप्टिलीनबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असतं, आणि पोटाच्या मुरड्यावर क्लिडिनियमबरोबरही तेच असतं. "मी टेन्शनचं काही घेत नाही, फक्त पोटाची गोळी घेतो" असं छातीठोक सांगणाऱ्यांच्या पाकिटात ते मी कैकदा दाखवलंय. कुणाला हाडाच्या डॉक्टरांनी एक दिलेली असते, हृदयाच्या डॉक्टरांनी दुसरी, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

जोडगोळी कमी करत न्यायची नाही. ती अर्धी केली की दोन्ही औषधं अर्धी होतात. प्रोप्रॅनोलॉल एकदम कमी झालं तर नाडी उसळते, हृदयरोग्याला छातीत दुखू शकतं. एसिटालोप्राम झटक्यात सुटलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड असा त्याचा स्वतःचा वेगळा त्रास होतो. डॉक्टर आधी त्या दोन औषधांच्या दोन स्वतंत्र गोळ्या करून देतात. काही आठवडे त्यावर स्थिर राहायचं, मगच एकीला हात लावायचा.

कुणी घाई करू नये

फिट येऊ नये म्हणून क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम चालू असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. ते औषध मेंदूविकार तज्ज्ञांच्या शब्दाशिवाय एका दिवसानंही चुकवायचं नाही. झोपेत ओरडणं, लाथा मारणं यासाठी, विशेषतः पार्किन्सनच्या रुग्णाला क्लोनाझेपाम दिलेलं असतं. तिथंही आधी विचारा. पूर्वी गोळी सोडताना फिट आली असेल, रोज दारू असेल, मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, किंवा डोस मोठा असेल, तर घरी बसून कमी करायचा प्रकार नाही. काहींना त्यासाठी दवाखान्यात राहावं लागतं.

दारूबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण चिठ्ठीवर ती लिहिलेली नसते आणि घरी कुणी विचारत नाही. दारूही गाबावरच काम करते. गोळी कमी करताना रात्रीचा एखादा पेग वाढला तर गोळी सुटत नाही, फक्त बाटलीत जाते. डॉक्टरांना खरा आकडा सांगा. ते काही घरी येऊन सांगत नाहीत.

डॉक्टरांकडं जाताना

मानसोपचार तज्ज्ञांकडं जाणं सगळ्यात बरं. "मला काय वेड लागलंय का?" हा प्रश्न अजून येतो, पण ही औषधं चढवण्या-उतरवण्याचा रोजचा सराव त्यांनाच असतो. खासगी परवडत नसेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. ओपीडीचे वार आधी विचारून जा, म्हातारं माणूस उगाच ताटकळू नये. कुठं जायचं हेच उमजत नसेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आणि चोवीस तास. फोनवर मराठीत बोलता येतं.

जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, फोटो नको. सोबत एका कागदावर लिहा: गोळी किती वर्षं, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कधी चुकली तर काय होतं, गेल्या वर्षात कितीदा पडलात. "चुकली तर काय होतं" याचं उत्तर डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

आणि एक विनंती स्वतःहून करा: धडधड आणि निद्रानाशाचं दुसरं काही कारण आहे का ते तपासा. थायरॉइडचं औषध जास्त झालं तरी नेमकं असंच होतं. दम्यासाठीच्या थिओफिलीनच्या गोळ्या आणि साल्ब्युटामॉलचा पंप धडधड वाढवतात. लघवी वाढवणारी बीपीची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठबस ठरलेली. हिमोग्लोबिन, सोडियम, बी-12 बघून घ्या. मूळ कारण तसंच ठेवून गोळी काढली की ती परत येतेच.

डॉक्टरांनी "या वयात आता कशाला सोडता, चालू दे" म्हटलं तर? काही रुग्णांच्या बाबतीत ते बरोबरही असतं. पण सगळ्यांना लावायचा तो नियम नव्हे. कॅनडात क्यूबेकमध्ये 65 च्या पुढच्या लोकांवर एक अभ्यास झाला, 2014 साली प्रसिद्ध झाला. या गोळ्यांचे धोके आणि हळूहळू कमी करायचं वेळापत्रक अशी एक पुस्तिका नेहमीच्या औषध दुकानांमार्फत निवडलेल्या लोकांना पाठवली, बाकी विशेष काही नाही. सहा महिन्यांत त्यांतल्या 27 टक्क्यांची गोळी पूर्ण सुटली; ज्यांना पुस्तिका दिली नव्हती त्यांच्यात 5 टक्क्यांची. यातले काही जण नव्वदी गाठलेले होते. तेव्हा दुसरं मत घ्यायला संकोच नको.

मुहूर्त बघा

मी पंचांग बघत नाही, पण इथं मुहूर्त लागतो. घरात लग्न, मोतीबिंदूचं ऑपरेशन, नुकतंच झालेलं दुःख, घर बदलणं, यांतलं काही असेल तर दोन महिने थांबलं तरी बिघडत नाही. नवरात्र-दिवाळीच्या गर्दीत सुरुवात करू नका. दिवाळीनंतरचा किंवा संक्रांतीनंतरचा शांत काळ बरा.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट धरून चालायची, ती म्हणजे पूर. 2019 आणि 2021 ला शहर कसं कोंडलं होतं ते आठवतंय ना? महामार्ग बंद, औषधांच्या गाड्या बाहेर अडकलेल्या, शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा भागातली घरं पाण्यात. त्या दिवसांत गोळी संपली म्हणजे इच्छा नसताना अचानक बंद. पाण्याच्या पट्ट्यात राहत असाल तर जूनमध्येच डॉक्टरांकडून ताजी चिठ्ठी घ्या आणि निदान दोन-तीन आठवड्यांचा साठा प्लॅस्टिकच्या डबीत वरच्या फळीवर ठेवा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं 2014 पासून एच-1 परिशिष्टात, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. दुकानदाराला रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. ओळखीवर पट्टी मिळेल हे गृहीत धरू नका, आणि खरं तर मिळूही नये.

कमी करण्याचा हिशेब

आता मुख्य काम. 2025 मध्ये अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून मार्गदर्शन दिलं: सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी डोसच्या 5 ते 10 टक्के कमी करा, आणि दोन आठवड्यांत 25 टक्क्यांपेक्षा जास्त सहसा नको. उतारवयात खालचाच आकडा धरलेला बरा.

कागदावर हे सोपं दिसतं, पण 0.5 मिलिग्रॅमच्या गोळीतून 10 टक्के काढायचे कसे? आपल्याकडं क्लोनाझेपाम 0.25 मध्येही मिळतं, म्हणून पहिलं काम, डॉक्टरांकडून 0.25 च्या गोळ्या लिहून घ्या. 0.25 ची पाव गोळी म्हणजे 0.0625 मिलिग्रॅम. घरच्या घरी यापेक्षा लहान कपची नीट पडत नाही. रोज रात्री 0.5 घेणाऱ्याचा उतार मग असा दिसतो, प्रत्येक पायरीवर निदान तीन आठवडे धरून:

0.5 वरून 0.4375 (एक पूर्ण, एक अर्धी, एक पाव). कपात साडेबारा टक्के.
0.375 (एक पूर्ण, एक अर्धी). आधीच्या डोसच्या 14 टक्के कपात.
0.3125 (एक पूर्ण, एक पाव). 17 टक्के.
0.25 (एक पूर्ण). 20 टक्के.
0.1875 (अर्धी आणि पाव). 25 टक्के.
0.125 (अर्धी). 33 टक्के.
0.0625 (पाव). 50 टक्के.
मग शून्य.

उजवीकडचे टक्के बघा. दर वेळी कपची तेवढीच काढलीय, पण पहिल्यांदा ती आठवा हिस्सा होती आणि शेवटी निम्मा. लोक सुरुवातीला भितात आणि शेवटी बेफिकीर होतात, "आता राहिलंय काय, पावच तर" म्हणून पटकन टाकून देतात. खरी कसोटी तिथं असते. वरच्या चार पायऱ्या तीन-तीन आठवड्यांच्या ठेवल्या तर खालच्या चार-चार, सहा-सहा आठवड्यांच्या ठेवाव्या लागतात. सगळं मिळून सहा-सात महिने, मध्ये कुठं थांबावं लागलं तर वर्षही. पंधरा वर्षं घेतलेल्या गोळीला वर्ष द्यायला कुरकुर कशाला?

हा नमुना आहे, तुमचा डोस आणि तुमचं वेळापत्रक डॉक्टरच ठरवणार. पण हा कागद घेऊन गेलात तर बोलणं मुद्द्यावर येतं.

अल्प्राझोलामची गोष्ट थोडी निराळी. ते रक्तातून लवकर उतरतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा घेणाऱ्याला पुढच्या गोळीच्या आधी तासभर अस्वस्थ वाटू लागतं. तिथं एक वेळची गोळी पूर्ण गाळू नका. प्रत्येक वेळचा डोस थोडा थोडा कमी करा, किंवा डॉक्टर सांगतील त्या एका वेळचा. एक दिवसाआड घेणं तर नकोच. रक्तातली पातळी रोज वर-खाली होते आणि मेंदूला बसायला वेळच मिळत नाही.

काही डॉक्टर अशा वेळी डायझेपामवर नेतात, कारण ते सावकाश उतरतं. न्यूकॅसलच्या प्रा. हेदर अ‍ॅश्टन यांनी 1982 पासून बारा वर्षं या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं, त्यांची रीत हीच होती. पण जे सावकाश उतरतं ते म्हाताऱ्या शरीरात साठतंही. आधीच तोल जात असेल तर डायझेपामनं जास्त जाईल. शिवाय एका गोळीच्या बदल्यात दुसरी किती, याचे कोष्टकांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. 0.5 क्लोनाझेपामला 10 मिलिग्रॅम डायझेपाम असा एक हिशेब आहे, तो ऐकूनच मला सत्तरीच्या माणसाची काळजी वाटते. इंटरनेटवरचं कोष्टक बघून ही अदलाबदल घरी करू नका.

गोळी तोडणं

विळीवर, सुरीनं, दातांनी, सगळे प्रकार बघितलेत. गोळी तोडायचं छोटं कटर दुकानात मिळतं, ते घ्या. हात कोरडे, खाली काळा किंवा गडद कागद, म्हणजे पांढरा भुगा दिसतो. गोळी रेघेवर बसवा, झाकण एकाच दाबात खाली. पाव तुकडे कधी सारखे पडत नाहीत, एखादा जाड, एखादा बारीक. आजचा जाड, उद्याचा बारीक असं चालेल, सरासरी जमते. मात्र सगळी पट्टी एकदम तोडून ठेवू नका. चार-पाच दिवसांचेच तुकडे करा, कोरड्या डबीत ठेवा. पावसाळ्यात ते ओल धरतात, भुगा होतो. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या ठिसूळ, त्या घेऊ नका. एसआर, ईआर असं लिहिलेली गोळी तर तोडायचीच नाही. ती तोडली की हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

नोंद ठेवायला नवी वही कशाला? भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतोच, त्याच चौकटीत लिहा: किती घेतली, किती तास झोप, दिवस कसा गेला याला दहापैकी गुण. महिन्याकाठी ते पान डॉक्टरांना दाखवा.

इशारा पातळी आणि धोका पातळी

जुलैमध्ये आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याचे फूट मोजत असतो. 39 ला इशारा, 43 ला धोका. त्रासाचंही तसंच मोजायचं.

इशाऱ्याच्या खाली: दोन-चार रात्री झोप कमी, थोडी चिडचिड, तळव्यांना घाम, पोट बिघडणं, आवाजानं दचकणं, स्नायू फडफडणं. हे येतं, शिखर गाठतं, ओसरतं. अल्प्राझोलाममध्ये कपातीनंतर एक-दोन दिवसांत दिसतं, क्लोनाझेपाम किंवा डायझेपाममध्ये आठवड्यानंही. म्हणून कपातीच्या तिसऱ्या दिवशी "मला काहीच झालं नाही" म्हणून पुढची पायरी उतरू नका.

इशारा पातळी: दोन आठवडे होऊनही त्रास कमी होत नाही, जेवण सुटतं, रोजची कामं जमत नाहीत. आहे त्या डोसवर थांबा, डॉक्टरांना फोन करा. ते महिनाभर थांबायला सांगतील, नाहीतर अर्धी पायरी वर नेतील. पायरी वर जाणं म्हणजे हरणं नव्हे. पण प्रत्येक वाईट रात्री मनानंच अर्धी गोळी जास्त घेऊ नका, त्यानं सगळा हिशेब विस्कटतो.

धोका पातळी: फिट, नसलेली माणसं-आवाज दिसणं-ऐकू येणं, कुठं आहोत ते न कळणं, तापासह थरथर, छातीत दुखणं, जीव द्यायचे विचार. तिथं लेख, वेळापत्रक सगळं बाजूला. 108 ला फोन आणि थेट दवाखाना. दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा की अमुक गोळी अमुक वर्षं चालू होती आणि आत्ता कमी करतोय.

दोन-तीन महिन्यांनी जुनं टेन्शन परत आलं की गोळी सुटण्याचा त्रास आहे, हे ओळखणं अवघड जातं. साधारण खूण अशी: सुटण्याच्या त्रासात अंगाला मुंग्या, कानात आवाज, उजेड खुपणं अशी पूर्वी कधी नसलेली लक्षणं असतात आणि ती कपातीच्या तारखेला धरून येतात. जुनं टेन्शन आलं तर तारखेशी संबंध नसतो, विषय मात्र जुनाच असतो. त्यावर उपचार आहेत, समुपदेशन आहे, या जातीत न मोडणारी औषधंही आहेत.

झोपेचं काय

खरी भीती याचीच. वयानुसार झोप उथळ होते, मध्येच मोडते. सत्तरीत सलग आठ तास मागणं हा हट्टच आहे. मोडून मोडून सहा तास लागली आणि दिवस ताजा गेला तर पुरे.

सकाळी उठायची वेळ पक्की ठेवा, रात्र कशीही गेली तरी. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडू दे. रंकाळ्याला एक फेरी होते त्यांची, ज्यांना चालवतं. नाहीतर गच्चीही चालते. दुपारी जेवून दुकानं मिटायची आपली जुनी सवय, पण वामकुक्षी अर्ध्या तासाची, दोन तासांची नाही. दुपारी चारनंतर चहा नको. मिसरी आणि तंबाखू झोपायच्या आधी दोन तास बंद, निकोटिन जागं ठेवतं हे बऱ्याच आज्ज्यांना पटतच नाही. रात्रीचा तांबडा-पांढरा लवकर आटपा, आडवं झाल्यावर जळजळ वर आली की झोप गेलीच.

झोप आली तरच अंथरुणावर जा. वीस-एक मिनिटं कूस बदलत पडलात तर उठून खुर्चीत बसा, मंद उजेडात जप करा, भाजी निवडा, काहीही कंटाळवाणं करा, डुलकी आली की परत. घड्याळ भिंतीवरून काढा. पहिले दोन आठवडे हे त्रासाचं वाटतं, नंतर अंथरूण आणि झोप यांची पुन्हा गाठ पडते. निद्रानाशावरच्या बोलण्याच्या उपचारात हेच शिकवतात, आणि तो वृद्धांतही चांगला लागू पडतो.

झोपेसाठी अ‍ॅव्हिल, फेनर्गन, खोकल्याचं गुंगीचं औषध घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाला त्यानं भ्रम होतो, लघवी अडते. टेन्शनची गोळी गेली आणि झोल्पिडेम आलं, हाही सौदा तोट्याचाच. अश्वगंधा, जटामांसी सुरू करायचं असलं तर डॉक्टरांना सांगून, गुपचूप नाही.

घरातल्यांनी

आईला न सांगता गोळीच्या जागी व्हिटॅमिनची गोळी ठेवणारी मुलं असतात. हेतू चांगला, प्रकार धोक्याचा. हे अचानक बंद करणंच झालं, फक्त माणसाला माहीत नाही, त्यामुळं त्रास झाला तरी त्याला कारण सांगता येत नाही. असलं करू नका. विश्वास गेला की पुढं काहीच जमत नाही.

"झोप लागली का?" हा प्रश्न रोज सकाळी विचारू नका. कॅलेंडर बघा. गोळ्यांची डबी कुणाकडं राहील हे त्यांच्याशी बोलून ठरवा. चिडचिड झाली तर दोन आठवडे सोसा, तुमच्यावर राग नसतो तो. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा, ओल्या फरशीवर रबरी मॅट, भिंतीला धरायला दांडी. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यात माडीवर झोपत असतील तर या वर्षापुरतं अंथरूण खाली आणा.

इतर औषधं, इतर दवाखाने

गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल मिळतं. या गोळ्यांबरोबर त्यानं गुंगी वाढते, श्वास मंदावतो. लघवीच्या संसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन सर्रास दिली जातात. ती गाबाच्या कामात आडवी येतात आणि सुटण्याचा त्रास भडकवू शकतात. दुसरं अँटिबायोटिक चालत असेल तर डॉक्टर ते देतील, पण तुम्ही सांगितलं तर. क्लॅरिथ्रोमायसिननं अल्प्राझोलाम रक्तात वाढतं, आणि कोर्स संपला की पातळी पुन्हा पडते. म्हणून आजारपणात कपात थांबवायची, बरं झाल्यावर दोन आठवड्यांनी पुढं जायचं.

शेवटची कपची आणि त्यानंतर

पाव गोळीवर सहा आठवडे झाले, झोप बरी आहे, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं बंद. क्लोनाझेपाम सावकाश उतरतं, म्हणून शेवटच्या टप्प्यावर काही डॉक्टर एक दिवसाआड पाव घ्यायला सांगतात. अल्प्राझोलामला हे लागू नाही. बंद केल्यावरही पुढचे काही महिने अधूनमधून एखादा वाईट आठवडा येतो आणि जातो. पाकिटात एक गोळी "आधाराला" ठेवायची का, यावर लोक भांडतात. माझं मत, नको. हात तिकडं जातो.

उरलेल्या गोळ्या शेजारच्या वहिनींना देऊ नका, कितीही मागितल्या तरी. चुरून, चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी बांधून कचऱ्यात टाका, पोरं आणि कुत्री-मांजरं पोचणार नाहीत अशा. आणि फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: कोणती गोळी, किती वर्षं, कोणत्या तारखेला बंद. पुढं कधी दवाखान्यात भरती व्हावं लागलं, रात्री झोप येईना आणि कुणी सहज "झोपेची एक लिहून देतो" म्हणालं, तर ते पान त्यांच्यापुढं धरायचं.